खिसे उलटे करा

प्रभाकरकाका जंगलातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसाचे खिसे तपासतात. हिरव्या जाकिटातला एक पंचाहत्तरीचा मराठी माणूस फाटकाशी हात पसरून उभा राहतो आणि इंग्रजीत शांतपणे फर्मावतो, "खिसे उलटे करा." मग कुणाच्या मुठीतून ओकच्या टोपीवाल्या बिया निघतात, कुणाच्या पर्समधून तांबूस पान. एका सभ्य वृद्धेकडून त्यांनी काळ्या गोगलगायीचा रिकामा शंखही परत घेतला होता, आणि तो जिथून उचलला तिथे तिलाच ठेवायला लावला होता.

अमेरिकेतल्या कोलंबस शहराच्या कडेला असलेल्या आमच्या उपनगरात हे चाळीस एकरांचे ओकचे जंगल उरले आहे. काका निवृत्त सिव्हिल इंजिनियर, माझे शेजारी, आणि दर रविवारी या जंगलात लोकांना हिंडवणारे बिनपगारी वाटाडे. त्यांच्या कोकणातल्या गावी देवराई होती. तिथली वाळकी काटकीही घरी नेत नसत आणि आत शिरताना पायताण बाहेर ठेवत. तोच नियम त्यांनी ओहायोत आणला. परिणामी दर जूनमध्ये पॉयझन आयव्हीच्या वेलाने त्यांची पावले भाजल्यासारखी लाल होतात. मी बूट घाला म्हटले, तर म्हणाले, "वेलाला कुठे ठाऊक मी कोण आहे ते? तो सगळ्यांना सारखाच चावतो. या गावात एवढा न्याय दुसरं कोण देतं?"

पण काकांची खरी ओळख म्हणजे त्यांचा राग. तो फाटकाजवळच्या पितळी पाटीपाशी सुरू होतो. पाटीवर लिहिले होते, की या भूमीवर पहिले पाऊल ठेवणाऱ्या एका निसर्गप्रेमी गृहस्थांनी हे जंगल भावी पिढ्यांसाठी राखले.

"पहिलं पाऊल," काका पाटीवर नख वाजवत. "मग आधीचे लोक काय हवेत तरंगत होते? त्यांना हाकललं कुणी? याची लाकडाची गिरणी होती. नजर पोचेल तिथवरचं रान यानं फळ्या करून विकलं आणि शिकारीपुरता एक तुकडा ठेवला. झाला निसर्गप्रेमी. राखलं कुणी ते लिहिता ना? मग आधी कापलं कुणी, तेही लिहा."

'आधी कापलं कुणी' हे त्यांचे पालुपद. फर्निचरच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर माझ्या नव्या डायनिंग टेबलावर हात ठेवूनही त्यांनी ते म्हटले. त्या दिवशी मला त्यांचा मनस्वी राग आला. मग एका पानगळीत मी ती पाटी नीट वाचली. भोवती ओल्या सालीचा कडवट, चहासारखा वास दाटला होता, आणि पितळेवर ते गुळगुळीत शब्द चमकत होते. माझाही संताप झाला. लुटलेल्या घरातली एक खोली शाबूत ठेवली, म्हणून लुटणाऱ्याचे आभार मानायचे?

गेल्या मार्चमध्ये जंगलाची देखभाल करणाऱ्या समितीने पाटी बदलायचे ठरवले. सूचना मागवल्या, प्रत्येकाला तीन मिनिटे. काकांनी तीन आठवडे माझ्या स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हचा टायमर लावून सराव केला. त्यांचा राग काही तीन मिनिटांत मावेना. विशेषणे काढा, वेळ वाचेल, असे मी सुचवले. "मग उरेल काय?" ते म्हणाले.

सभा दुपारची होती. मीच ड्राइव्ह करून नेले. काका बूट घालून आले होते, म्हणजे प्रसंग गंभीर होता. त्यांनी विशेषणांशिवाय वाचले. पहिली ओळ इथून हाकललेल्या लोकांची. दुसरी लाकडाच्या गिरणीची. आमचा सराव इथेच संपत असे. पण त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला.

"तिसरी ओळ. जंगलाच्या पलीकडे तळं होतं. ते बुजवून तिथे घरं झाली. पाणी काढून देण्याचे नकाशे मी काढले. माझंही नाव घाला."

माझे घर त्याच घरांपैकी एक आहे. मला तोवर हे ठाऊक नव्हते.

अध्यक्षबाई मऊ आवाजात म्हणाल्या, की याची काही गरज नाही, ते तर तुमचे काम होते.

"त्या गृहस्थाचंही कामच होतं," काका म्हणाले. तेवढ्यात घंटा वाजली.

परतताना काका काचेबाहेर बघत बोलू लागले. त्यांच्या दिवंगत पत्नी शालिनीकाकू नव्याने इथे आल्या, तेव्हा त्यांना इथली शांतता सोसत नसे. पहिल्या मार्चमध्ये तळ्यातले नखाएवढे बेडूक ओरडू लागले, कुणी मूठभर घुंगरं हलवावीत तसे. कडाक्याच्या थंडीतही काकू खिडकीला फट ठेवून निजत. तळे बुजले, त्याच्या पुढच्या मार्चमध्ये त्यांनी खिडकी उघडली. उभ्या राहिल्या. मग लावून घेतली.

"काही बोलल्या नाहीत?"

"शेवटपर्यंत नाही. रागावलीच नाही गं ती. मग कुणीतरी रागवायला हवं ना."

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा मला कळले.

नवी पाटी लागली. त्यावर पहिल्या दोन ओळी आल्या. तिसरी आली नाही. ती आता काका दर रविवारी तोंडाने म्हणतात. आणि फाटकाशी आल्यावर, इतरांना सांगण्याआधी, स्वतःचे खिसे उलटे करतात. लोक हसतात. पांढरी अस्तरे दोन्ही बाजूंना लोंबत असतात, आणि अनवाणी काका सगळ्यांचे बघून होईपर्यंत तसेच उभे राहतात.