शिट्टी जुळेपर्यंत

जोगळेकरांच्या घरी स्क्रू पिळायलाही परमिट लागायचं. कुवेतमधल्या फहाहीलला ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. दिवसभर रिफायनरीत सेफ्टी सांभाळायची आणि संध्याकाळी तीच घरी घेऊन यायची. गळका नळ दुरुस्त करायचा तरी दारावर लाल पाटी, परमिटवर वहिनींची सही आणि आगीवर नजर ठेवायला बादली घेऊन उभा एक फायर वॉच. नळाला कसली आग लागणार, असं मी एकदा विचारलं.

"प्रोसीजर म्हणजे प्रोसीजर," एवढंच उत्तर मिळालं. फायर वॉच अर्थात मीच असायचो.

लोक कॅसेट कचऱ्यात टाकून सीडी आणत होते, तेव्हा या गृहस्थांनी फ्रायडे मार्केटच्या जुन्या बाजारातून एक जुना, वजनदार कॅसेट डेक उचलून आणला. आतला रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. तो खरवडला, शहरातल्या मिरकाब भागातल्या एका दुकानातून नवा आणून बसवला, डेक फिरू लागला. माझ्या मते काम खलास. जोगळेकरांच्या मते आता कुठे सुरुवात.

त्यांना त्यावर एकच कॅसेट वाजवायची होती. मुलगी केतकी तीन वर्षांची असताना वहिनींनी नाशिकहून भरून पाठवलेली. तेव्हा जोगळेकर इथे एकटे होते. आता केतकी शुक्रवारी कॉलेजसाठी कॅनडाला निघाली होती आणि त्याआधी तिला ती ऐकवायचीच होती. कॅसेट इतकी जुनाट की दर वेळी तपकिरी पूड झडायची. त्यात नाशिकचा रेकॉर्डर उतरलेल्या सेलवर हळू चाललेला, त्यामुळे इथे नेहमीच्या वेगाने केतकी चिमणीसारखी चिवचिवायची. मोटरचा वेग कमी करणारा स्क्रू जरा जास्त फिरला की तीच हवालदारासारखी बोलायची.

खरा वेग कुठला? जोगळेकरांनी खूण शोधली. कॅसेटमध्ये मागे कुकरची शिट्टी वाजत होती आणि तोच कुकर वहिनींनी पुढे कुवेतला आणला होता. टेपमधली शिट्टी खऱ्या शिट्टीशी जुळली की आवाज खरा! आठवडाभर त्या घरात नुसतं वरण शिजत होतं. आमच्याकडेही डबे येत होते.

"अगं, शिट्ट्या मोजू नकोस, ऐक!" ते ओरडायचे.

"हाच! अगदी हाच आवाज होता तिचा," वहिनी दर वेळी म्हणायच्या. त्यांना कसंही करून गॅस बंद करायचा होता.

गुरुवारी शेवटचा प्रयत्न. टेप एकदा अडकून चुरगळली होती, आता तुटली तर संपलंच. जोगळेकरांनी परमिट दोनदा तपासलं. मी बादली पुन्हा काठोकाठ भरून आणली.

"बाबा, जस्ट लीव्ह इट," सोफ्यावरून केतकी म्हणाली. ती मराठीला इंग्रजीतच उत्तर द्यायची.

मला ताण सहन होईना. "अहो, बाप आहात ना तुम्ही? कान सांगेल तिथे स्क्रू सोडा आणि मोकळे व्हा!"

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "कान काय सांगणार? तिचा तो आवाज मी समोर कधी ऐकलाच नाही. रजा मिळून घरी गेलो, तेव्हा ती मोठ्यांसारखी बोलायला लागली होती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. केतकी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिने स्वतः कुकर चढवला.

आत वाफ कोंडू लागली तसं जोगळेकरांनी बटण दाबलं. दोन शिट्ट्या उठल्या, एक वर, एक खाली. स्क्रू केसभर फिरला आणि दोन्हींची एक झाली. मग एक खणखणीत पोर बोलली, "बाबा, मी गच्चीवरून सगळ्या विमानांना हात हलवते. तू कुठल्या विमानात आहेस?"

केतकी दारात उभी होती. "सगळ्या विमानांना?" तिने विचारलं. मराठीत. जोगळेकरांनी मान हलवली.

शुक्रवारी विमानतळावरून परतल्यावर ते घरात न शिरता गच्चीवर गेले. मीही मागोमाग गेलो, सवयीने. एक विमान गेलं, त्यांनी हात हलवला. दुसरं गेलं, पुन्हा हलवला.

"अहो, तिचं कुठलं?"

"काय माहीत," ते आकाशाकडे बघत म्हणाले. "एकही सोडायचं नाही. प्रोसीजर म्हणजे प्रोसीजर."

तिसरं विमान आलं तेव्हा मीही हात वर केला.