झेंडा वर, होड्या पाण्यात

ध्वज हा राष्ट्राचा आत्मा असतो, आणि आत्म्याप्रमाणेच तो वाऱ्यावर सोडून चालत नाही. म्हणून त्याला नियम असतात.

आमच्या सेंट वेनिफ्रेड बेटावर माणसं एकशे सत्त्याऐंशी, आणि जवळची जमीन जहाजाने सहा दिवसांवर. तरीही राजधानी आम्हाला विसरली नाही. तीन वर्षांपूर्वी तिने एका खोक्यातून आमची राष्ट्रीय चिन्हं पाठवली. राष्ट्रीय फूल (मेंढ्यांना फार आवडतं). राष्ट्रीय पक्षी, म्हणजे न उडणारी पाणकोंबडी (शेवटची आजोबांच्या लग्नात शिजली, रस्सा पुरला नाही म्हणतात). एक लॅटिन ब्रीदवाक्य, ज्याचा अर्थ सोबतच्या पत्रात होता आणि पत्र वाटेत भिजलं. त्यामुळे ते आम्ही अर्थाशिवाय पाळतो. आणि ध्वज, एक्केचाळीस पानी नियमावलीसह.

त्याआधी आमच्याकडे ध्वज नव्हता, चादर होती. पहाटे समुद्र पाहून जाणती मंडळी ती खांबावर चढवत. चादर वर म्हणजे समुद्र शांत, होड्या काढा, शेवंडं पकडा. चादर खाली म्हणजे घरी बसा, बटाटे सोला. चार पिढ्या यावर जगल्या. नव्या नियम नऊप्रमाणे मात्र ध्वज रोज सूर्योदयाला वर जायचा, हवा कशीही असो. आणि बेटावर खांब एकच.

चिन्ह समितीची चिटणीस मी झाले, कारण माझं अक्षर बरं आणि वाद घालायची सवय नाही. न्याहारीआधी दोन स्तोत्रं, शुक्रवारी उपास, खोटं बोलायचं नाही, आवाज चढवायचा नाही, ही माझी साधी व्रतं. (नम्रतेचंही एक आहे. त्यात बेटावर माझा हात धरणारं कोणी नाही.)

पहिल्या वादळाच्या दिवशी मी नियमाप्रमाणे ध्वज चढवला. माझ्या धाकट्या भावाने, एफ्राईमने, तो खिडकीतून पाहिला, बूट बांधले आणि वल्ही खांद्यावर टाकून निघाला. लाटा घराएवढ्या होत्या. मी मागे धावले आणि त्याला परत ये म्हटलं, हळू आवाजात. व्रत होतं. तो दुपारी पोहत परत आला. होडी आली नाही, उजव्या हाताची दोन बोटंही नाहीत.

"अरे, समुद्र दिसत नव्हता का तुला?"

"दिसत होता की," तो म्हणाला. "पण ताई, झेंडा तू चढवला होतास. तू कधी खोटं बोलतेस का?"

समितीची तातडीची बैठक झाली. ध्वज उतरवता येत नव्हता, पण नियम सतरा सापडला: रहिवाशाचा मृत्यू झाल्यास ध्वज अर्ध्यावर आणावा. ठरलं. अर्ध्यावर म्हणजे घरी बसा. राहिला प्रश्न मृताचा. माझ्या सत्यव्रताची अडचण पाद्रीबाबांनी दूर केली. पापात पडलेला माणूस देवाच्या लेखी मेलेलाच असतो, आणि इथे कोण पडलेला नाही? मग मरायच्या पाळ्या लावल्या.

पहिल्या वर्षी वादळी दिवस दोनशे चार, मृत्यू दोनशे चार, लोकसंख्या एकशे सत्त्याऐंशी, कायम. पाद्रीबाबा चारदा गेले. मी शुक्रवार मागून घेतले, उपास असतोच. राजधानीने सांत्वनाची दोनशे चार पत्रं पाठवली, वर शोकपालनातल्या शिस्तीबद्दल प्रशस्तिपत्रक. मरायला नकार देणारा एफ्राईम एकटा. दर्यावर्दी गेला की सगळं बेट वल्ही उभारून त्याला पोचवतं, ही आमची रीत. तो म्हणायचा, "मी एकदाच मरेन, ताई. तेव्हा तेवढे सगळे या म्हणजे झालं."

गेल्या मे महिन्यात तो झोपेतच गेला. समुद्र तेलासारखा स्वस्थ होता. मी नियम सतराप्रमाणे ध्वज अर्ध्यावर आणला आणि चर्चमध्ये त्याच्याजवळ बसून राहिले. कोणी आलं नाही. शेवटी शेजारच्या टॅबिथाच्या दारात जाऊन सांगितलं, एफ्राईम गेला.

"हो का?" ती बटाटा सोलता सोलता म्हणाली. "झाला शेवटी तयार म्हणायचा."

बाहेर समुद्र बघ किती शांत आहे, मी म्हटलं.

"दिसतोय गं. पण झेंडा बघ की."

मी खांबापाशी गेले आणि ध्वज टोकापर्यंत चढवला. पाव तासात सगळं बेट वल्ही घेऊन किनाऱ्यावर हजर. तिथे मी आवाज चढवला, आयुष्यात एकदाच. काय बोलले ते आठवत नाही. मग एकेक वल्हं उभं राहिलं.

मृत्यू मी रीतसर कळवला. राजधानीचं उत्तर आलं: त्या दिवशी ध्वज पूर्ण उंचीवर असल्याने सदर मृत्यू ग्राह्य धरता येत नाही. त्यामुळे सरकारी कागदांत बेटावर आजवर न मेलेला तेवढा एकच माणूस आहे.

तुम्हाला हसू आलं असेल तर हरकत नाही. तुमच्याकडचा झेंडा कसल्याही वाऱ्यात दिमाखाने वरच असणार. तो पाहून छाती भरून आली, की बूट बांधण्याआधी एकदा समुद्राकडे बघा. समुद्र दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. दिसत आम्हालाही होता.