बाबांसकट झोका

झोका विकत आणायचा नाही, स्वतः बांधायचा, हे भाऊसाहेबांनी सकाळच्या चहाचा दुसरा कप येईपर्यंत ठरवून टाकलं होतं. तसा विषय साधा होता. थोरलीच्या वर्गातल्या एका मुलीकडे लोखंडी चौकटीचा, लाल-पिवळा, दुकानातला झोका आला होता आणि थोरलीने पावाचा तुकडा दुधात बुडवता बुडवता एवढंच विचारलं होतं, "बाबा, आपल्याकडे झोका का नाही?" यावर "बघू" म्हणून मोकळं होता आलं असतं. आजवर घरातले निम्मेअधिक प्रश्न भाऊसाहेबांनी याच एका शब्दावर निकालात काढले होते. पण त्या दिवशी काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, ते म्हणाले, "मागच्या अंगणात दोन झाडं आहेत आणि घरात बाप आहे. झोका विकत कशाला आणायचा?"

बायकोने हातातली किटली खाली ठेवली. (ती फारसं बोलत नाही. किटली ठेवते.)

"सुताराला विचारू का, येतो का ते?"

"सुताराचं काय काम आहे यात?"

"नाही, न्हाणीघरातली फळी तुम्हीच लावली होती, म्हणून म्हटलं."

ती फळी तब्बल तीन दिवस व्यवस्थित होती, हे मात्र या घरात कुणी लक्षात ठेवत नाही.

भाऊसाहेब हे त्यांचं ऑफिसातलं नाव. एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड विभागात ते हेडक्लार्क होते. गेली बावीस वर्षं, जुन्या फायलींचे गठ्ठे बांधायचे आणि छतापर्यंत रचायचे, हेच त्यांचं काम, आणि "माझा गठ्ठा कधी सुटला नाही" हा त्यांचा अभिमान. गोष्ट खरी होती. भाऊसाहेबांच्या गठ्ठ्यातला कागद हवा असेल तर साहेब लोक शिपायाबरोबर कात्रीच पाठवत. तेव्हा दोन झाडांमध्ये एक दोर बांधायचा म्हणजे त्यांच्या दृष्टीने डाव्या हातचा मळ होता.

थोरली तशीच दप्तर उचलून शाळेत गेली आणि संध्याकाळी बातमी घेऊन आली. "रविवारी दहा वाजता सगळ्या जणी येणार आहेत. सात जणी. मी सांगितलंय, आमचा झोका विकतचा नाही, माझे बाबा स्वतः करणारेत."

"लोखंडी झोक्यावाली पण?" बायकोने विचारलं.

"तिलाच तर आधी सांगितलं."

आता माघार नव्हती.

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून भाऊसाहेब कामाला लागले. पोरांना मावशीकडे धाडून दिलं, मध्ये लुडबुड नको म्हणून. जुन्या पलंगाची एक लांब फळी काढली. ती त्यांनी पॉलिश पेपरने अशी घासली की शेवटी त्यांनी स्वतःचा गाल तिच्यावरून फिरवून पाहिला. एक कूस लागली नाही. चार कोपऱ्यांना चार भोकं पाडली आणि चारही एका रेषेत आली. (हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढच्या भानगडीत फळीचं कौतुक राहूनच गेलं.)

झाडं मात्र जरा विजोड होती. एक जाडजूड, सरळ, ढिम्म न हलणारं. दुसरं सडपातळ, वाऱ्याला मान देणारं. झोका टांगावा अशी फांदी दोघांनाही नव्हती, म्हणून भाऊसाहेबांनी एका बुंध्यापासून दुसऱ्या बुंध्यापर्यंत आडवा दोर बांधला आणि त्याला मधोमध झोका लटकवला.

कुंपणाच्या भिंतीवर शेजारचे निवृत्त ओव्हरसियर कोपरं टेकून उभे होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामावर देखरेख केल्यामुळे त्यांना आता भिंतीशिवाय करमत नसे.

"नायलॉन का?" ते म्हणाले. "ताणेल."

"ट्रक ओढतो म्हणे यानं. दुकानदार म्हणाला."

"ट्रक ओढेल हो. पण ताणेल."

भाऊसाहेबांनी मनातल्या मनात त्यांचा अर्ज दप्तरी दाखल केला. आधी बाप, मग पोरं, या न्यायाने ते स्वतःच फळीवर बसले. फळी थेट जमिनीला टेकली. सडपातळ झाड एवढं लवलं की भाऊसाहेबांना नमस्कार करतंय असं वाटावं. त्यांनी दोर वर घेतला. पुन्हा टेकली. आणखी वर घेतला. चौथ्या खेपेला फळी जमिनीपासून वीतभर वर राहिली आणि भाऊसाहेबांनी असे काही झोके घेतले की ओव्हरसियरसुद्धा भिंतीवरून कोपरं काढून बघत राहिले. मग ते समाधानाने खाली उतरले आणि त्यांनी प्रत्येक गाठीवर कचेरीची खास गाठ मारून, वर पाणी शिंपडून ती आवळली.

मागे वळले, तर फळी वर गेली होती. चांगली छातीपर्यंत.

"दोर आखडला," भाऊसाहेब म्हणाले. "उंची माल असला की असंच होतं."

ओव्हरसियर काही बोलले नाहीत, हा खरा इशारा होता. पण अंधार पडत आला होता आणि भाऊसाहेबांना भूक लागली होती.

रविवारी साडेनऊला थोरली धावत अंगणात गेली आणि झोक्यासमोर उभी राहिली. फळी तिच्या डोक्याच्या वर दोन बोटं होती.

"बाबा, चढायचं कसं?"

भाऊसाहेबांनी तिला उचलून बसवलं. फळी जेमतेम चार बोटं खाली आली. थोरली वर, तिचे पाय अधांतरी.

"आणि उतरायचं कसं?"

आता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. झोका चोख झाला होता, यात शंका नव्हती. फक्त तो भाऊसाहेबांच्या मापाचा झाला होता.

"खाली घ्या की मग," बायको म्हणाली.

एवढं सोपं असतं तर काय हवं होतं. भाऊसाहेबांनी नखं लावली, स्क्रू-ड्रायव्हर लावला, पक्कड लावली, शेवटी दात लावले. गाठ हलली नाही. बावीस वर्षांत त्यांनी गाठ सोडवण्याचं काम कधी केलंच नव्हतं. ते खातं कात्रीचं होतं.

"सुरी आणू?"

"कापला तर दोर पुरणार नाही. आणि आज दुकान बंद."

"मी म्हणालो होतो, ताणेल," भिंतीवरून आवाज आला.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि सात जणी आत आल्या. सगळ्या एका रांगेत उभ्या राहून वर बघू लागल्या. लोखंडी झोक्यावाली मुलगी सभ्य होती. तिने हळूच विचारलं, "याला शिडी वेगळी मिळते का?"

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. थोरली फ्रॉकच्या पट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती, आणि बापाकडे अजिबात बघत नव्हती. भाऊसाहेबांनी आयुष्यात वरिष्ठांची बोलणी खाल्ली होती, न्हाणीघरातली फळी डोक्यावर पाडून घेतली होती, पण पोरीचं हे न बघणं त्यांना झेपलं नाही.

"अगं, स्टूल आण," ते बायकोला म्हणाले.

स्टुलावर चढून भाऊसाहेब फळीवर बसले. झोका शांतपणे, लिफ्टसारखा खाली आला आणि वीतभर अंतरावर थांबला. सडपातळ झाडाने नमस्कार केला. भाऊसाहेबांनी थोरलीला एका बाजूला बसवलं, धाकट्या मुलाला दुसऱ्या बाजूला, पायाने जमिनीला एक रेटा दिला, आणि झोका निघाला. वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. थोरलीच्या वेण्या मागे उडाल्या. गाठी तसूभरही सरकल्या नाहीत.

लोखंडी झोक्यावाली बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आमच्या झोक्यावर बाबांना बसता येत नाही. त्यावर लिहिलंय, फक्त लहान मुलांसाठी."

थोरलीने ताबडतोब बापाचा दंड धरला. "आमचा बाबांसकट आहे," ती म्हणाली. आणि ज्या सुरात म्हणाली, तो सूर भाऊसाहेबांना पुढे कित्येक दिवस ऑफिसात फायली लावताना ऐकू येत होता.

त्या दिवशी प्रत्येक मुलीला दोन दोन खेपा मिळाल्या. भाऊसाहेब दीड वाजेपर्यंत खाली उतरले नाहीत. एकदाच पाणी प्यायला उठले, तर फळीवर राहिलेला धाकटा भुर्रकन वर गेला. बायकोने त्याला कसाबसा झेलला. खाली आल्यावर तो फक्त "परत" म्हणाला. तेव्हापासून भाऊसाहेबांना पाणी झोक्यावरच मिळू लागलं.

पुढचा आठवडा त्यांच्या आयुष्यातला सोन्याचा आठवडा होता. घड्याळात साडेपाच झाले की ते खुर्ची मागे सारत.

"आज लवकर?" बडे साहेब विचारत.

"घरी काम आहे, सर."

"कसलं?"

"वजनदार आहे," भाऊसाहेब सांगत आणि छत्री उचलत.

घरी पोहोचेपर्यंत गल्लीतली पोरं रांगेत उभी असत. भाऊसाहेब शर्ट बदलून, राजाने सिंहासनावर बसावं तसे स्टुलावरून झोक्यावर बसत. ज्या घरात त्यांना विचारल्याशिवाय सगळं व्यवस्थित चालत असे, तिथे एक तरी वस्तू अशी निघाली होती की ती त्यांच्यावाचून अडत होती. बसल्या बसल्या ते पोरांचं थोडं भलंही करत. दोर कसा धरावा ते सांगत, पाठ ताठ ठेवायला लावत आणि प्रत्येक खेपेला एक पाढा विचारत. चुकला तर झोका थांबवून पुन्हा म्हणायला लावत. (पोरांना हे आवडतं, असा त्यांचा समज होता.)

गुरुवारी नेमकी ऑफिसात तपासणी निघाली. साडेपाच वाजले, सहा वाजले, तपासणी अधिकारी एकेक गठ्ठा कात्रीने कापत होता आणि इकडे भाऊसाहेबांच्या डोळ्यांसमोर ती रांग येत होती. बिचारी पोरं. उंच टांगलेल्या फळीकडे बघत उभी असतील. सात वाजता सुटका झाली तशी त्यांनी बस पकडली, स्टॉपवरून घरापर्यंत जवळजवळ पळतच आले आणि बूट न काढता थेट मागच्या दाराशी गेले.

अंगणात हसण्याखिदळण्याचा नुसता कल्लोळ होता. झोका चालू होता. फळीच्या मधोमध दोरीने घट्ट बांधलेली एक तागाची गोणी होती, आणि तिच्या दोन बाजूंना तिला रेलून दोन पोरं मजेत बसली होती.

"वाळू आहे," बायको म्हणाली. "किती वेळ वाट बघणार पोरं? ओव्हरसियरकाकांनी गोणी आधी वर बांधली आणि बादलीने भरत गेले. सव्वासहा बादल्यांत झोका बरोब्बर वीतभर अंतरावर आला. म्हणजे तुम्ही सव्वासहा बादल्या."

भाऊसाहेबांनी घसा साफ केला. "नीट चालतो?"

"छान चालतो. तुमच्या गाठीला कुणी हातसुद्धा लावला नाही."

ते ऐकून त्यांना बरं वाटलं. ते पुढे गेले, गोणीची दोरी ओढून पाहिली, झाडाच्या बुंध्यावर हात फिरवला. काही म्हटलं तरी झोका त्यांनीच बांधलेला होता. वाळू काय, कुणीही भरेल.

"बाबांपेक्षा गोणी बरी," झोक्यावरचा एक पोरगा दुसऱ्याला सांगत होता. "पाढे विचारत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पावसाची भुरभुर सुरू झाली. भाऊसाहेब डबा पिशवीत टाकून दाराशी आले आणि खुंटीकडे हात नेला. खुंटी रिकामी होती.

"माझा रेनकोट कुठे गेला?"

"बाबांनी घातलाय," धाकटा दूध पिता पिता म्हणाला.

भाऊसाहेबांनी मागच्या खिडकीतून पाहिलं. झोक्यावर बाबा रेनकोट घालून शांत बसले होते. भाऊसाहेबांना गेली चार वर्षं पोटावरची जी दोन बटणं लागत नव्हती, ती त्यांना आरामात लागली होती.