मंदामावशींचा चोथा

मंदामावशींच्या स्वयंपाकघरातून तो वास सुटला की आमच्या गल्लीतले इंग्रज ओळखायचे, हिवाळा आला! शेजारची बार्बरा खिडकी लावता लावता ओरडायची, "मँडा, कोण मेलंय?"

"अजून कोणी नाही! प्यायला ये, म्हणजे तूही मरणार नाहीस!"

कॉव्हेंट्रीत मी मावशींच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. मी नववीत शाळा सोडलेला, वेअरहाउसमध्ये खोकी उचलणारा. त्या हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या सिस्टर. जन्मभर वॉर्डात पॅरासिटमॉल वाटलं आणि नाइट ड्यूटीवरच्या मेई नावाच्या चिनी मैत्रिणीकडून शिकल्या मात्र भलतंच! दिवस लहान झाले की मातीचं भांडं बाहेर यायचं. त्यात चिनी सुकी बोरं, आलं, कसली कसली मुळं नि सालं, वर कोंबडीची तंगडी. मंद आच, आणि मी नुसता डोकावलो तरी आरोळी, "झाकणाला हात नको! गुण उडतो!"

पहिल्या घोटाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण काय सांगू, बोटांच्या टोकांपर्यंत ऊब! मी आणखी मागितलं, तर मावशींनी आनंदाने मेईलाच फोन लावला. "पोरगा परत मागतोय!"

खरी गंमत चोथ्याची. आजारी माणसाच्या काढ्याचा चोथा रस्त्याच्या मधोमध ओतायचा, ही मेईच्या गावची रीत. येणारेजाणारे तो तुडवतात आणि आजार त्यांच्याबरोबर निघून जातो. आपण तिठ्यावर उतारा टाकतो ना, तसंच.

"मावशी, मग आजार त्यांना नाही का लागत?"

"त्यांना कुठे माहितीय! लागतो तो जाणूनबुजून तुडवणाऱ्याला."

एका फेब्रुवारीत मला खोकल्याने धरलं. तापही चढला. सोमवारी कामावर उभा नसलो तर माणसं पुरवणारी एजन्सी दुसरा माणूस पाठवणार, आणि कॉलिंग कार्डावरून गावी फोन केला की आईला मी काय सांगणार? मी मावशींकडे त्यांचं मातीच्या भांड्यातलं टॉनिक मागितलं.

"खुळा की काय! टॉनिक धडधाकट माणसाला. आत्ता प्यायलास तर खोकला आतच कोंडेल."

त्यांनी आल्याचा नि पातीच्या कांद्याचा कढत काढा पाजला, अंगावर होत्या नव्हत्या तेवढ्या रजया टाकल्या आणि चोथा ओतायला बाहेर गेल्या.

रविवारी सकाळी ताप उतरला होता. बाहेर बर्फ! बस बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. खिडकीतून पाहतो तर काय, मावशी! नाइटीवर नवऱ्याचा जुना ओव्हरकोट, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी वेलिंग्टन बूट, आणि रस्त्याच्या मधोमध बर्फ उकरून त्या चोथ्यावर थयथय नाचतायत!

"मँडा, काही हरवलंय का?" बार्बराने विचारलं.

"छे! पाय गरम करतेय!"

सोमवारी मी कामावर हजर होतो. संध्याकाळी परतलो तर मावशी शाल पांघरून शिंकत बसलेल्या. "थंडीने रे," म्हणाल्या. मी भांडं चढवलं, काढा गाळून त्यांच्या हातात दिला आणि चोथा घेऊन दाराबाहेर पडलो.

मागून घोगरी आरोळी आली, "ओतून सरळ आत ये! पाय नाही लावायचास त्याला!"