अप्पांची वाढीव वॉरंटी

माझ्या पदवीच्या कागदावर नाव माझं आहे, पण ती मिळवली उदगीरच्या मन्मथप्पांनी, आणि तीही भांडून. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. दाखला उशिरा आला म्हणून मला प्रवेश नाकारला, तेव्हा मोंढ्यातले हे आडत व्यापारी, ज्यांच्याकडे माझे वडील तूर घालत, थेट प्राचार्यांसमोर जाऊन बसले. म्हणाले, "घेत न्हाई म्हनता ना? तसं लेखी द्या."

लेखी कोणी दिलं नाही. प्रवेश दिला. पदवी होईपर्यंत मी अप्पांच्याच माडीवर राहिलो आणि त्यांच्या पत्नीच्या, अक्कांच्या, हातची भाकरी खाल्ली.

"लेखी द्या" हे अप्पा कोणालाही म्हणत. टरबूजवाला म्हणाला, "साखरेवानी निघंल अप्पा," की अप्पा खिशातलं पेन पुढं करत. भाचीच्या सोयरिकीत मुलाकडचे "आम्हाला काही नको" म्हणाले, तेव्हाही त्यांनी कागद मागितला. सोयरीक मोडता मोडता राहिली. अक्का आतून म्हणाल्या, "माझ्याकडून बी लग्नात लिहून घेतलं असतं ह्येंनी. मला लिहिता येत नव्हतं म्हनून वाचले."

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात उदगीरच्या बोअरचं पाणी इतकं जड झालं की डाळ शिजेना. तांब्याच्या आत पांढरा थर बसे. अक्कांचं पोट दुखू लागलं, तसे अप्पा पाणी शुद्ध करायचं यंत्र घेऊन आले. ते बसवायला घरी आलेल्या दुकानदारानं त्यांना वाढीव वॉरंटीही विकली. छापील कागद, वर शिक्का, खाली सही. आयुष्यात पहिल्यांदा अप्पांना न मागता काहीतरी लेखी मिळालं होतं. त्यांनी तो कागद अक्कांना दोनदा वाचून दाखवला. पुढच्या बाजूला मराठीत ठळक लिहिलं होतं, 'आता निश्चिंत राहा.' मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात इंग्रजी होतं. ते कोणी वाचलं नाही.

त्या वर्षी दसऱ्याला मी उदगीरलाच होतो. खंडेनवमीला अप्पांच्या घरी तराजू, मापं, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा होते. अक्कांनी या नव्या यंत्रालाही त्यांच्या रांगेत घेतलं. यंत्र काळं कुळकुळीत. विभूतीचे पट्टे छान उठले, कुंकू काही दिसेना. बाजूला एक पांढरा कागद चिकटवलेला होता, तेवढीच जागा उजळ. अक्कांनी तेलात कालवलेलं कुंकू बोटानं तिथं लावलं आणि नारळ फोडला.

पौषात अक्का गेल्या. झोपेतच.

पुन्हा उन्हाळा लागला आणि यंत्र बंद पडलं. कंपनीची वॉरंटी नुकतीच संपली होती, वाढीव नुकतीच सुरू झाली होती. लातूरहून माणूस आला, झाकण उघडलं, लावलं आणि म्हणाला, "पाणी खराब आहे. खराब पाण्यामुळं झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही."

"पानी चांगलं असतं तर हे डबडं कशाला घेतलं असतं, बाबा?"

"ते कंपनीला विचारा."

"म्हंजी छत्री विकायची आन् पावसात उघडू नका म्हनायचं."

अप्पा दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, "तक्रार लातूरला करा अप्पा. उदगीर जिल्हा झाला की सर्व्हिस सेंटर इथंच येणार."

"कवा व्हनार जिल्हा?"

"झालाच समजा."

"लेखी दे."

मला हे लिहितानाही राग येतो. विकायला माणूस आपल्या उंबऱ्यापर्यंत येतो, पाणी पितो, अक्कांना मावशी म्हणतो. बिघडलं की तोच आपल्याला जिल्ह्याच्या गावाला पाठवतो. दुष्काळी गावात यंत्र खपतं ते खराब पाण्याच्या जोरावर, आणि नाकारतात तेही खराब पाण्याच्याच जोरावर. याला व्यापार म्हणत असतील, तर आमच्या मोंढ्यात त्याला दुसरा शब्द आहे. तो इथं लिहिता येत नाही.

मी तोवर नांदेडला शिक्षक झालो होतो. अप्पांचा फोन आला, "तू शिकून काय करायलास? अर्ज लिही." मी ग्राहक मंचाकडे तक्रार लिहिली. सुनावणीच्या दिवशी अप्पा एस.टी.तून यंत्र मांडीवर घेऊन लातूरला आले. कंडक्टरनं विचारलं, "अप्पा, ह्याचं तिकीट?" अप्पा म्हणाले, "आजारी हाय. दवाखान्याला चाललंय." हे मला लातूरच्या स्टँडवर स्वतः कंडक्टरनंच सांगितलं.

मंचासमोर पाण्याचा मुद्दा आमच्या बाजूनं गेला. अध्यक्षांनी कंपनीच्या वकिलाला विचारलं, "म्हणजे हे यंत्र फक्त शुद्ध पाण्यासाठी आहे का?" मागं बसलेले हसले. मग वकिलानं दुसरा मुद्दा काढला. यंत्राचा नंबर ज्या कागदावर छापलेला असतो, त्यावर कुंकू आहे. नंबर वाचता येत नाही, तेव्हा हेच ते यंत्र कशावरून?

माणूस वाईट नव्हता. त्यानं पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला. "दोन थेंब लावले की नंबर दिसेल. वॉरंटी कार्डाशी जुळला तर आम्ही नवीन यंत्र देतो. तसं आत्ता लिहून देतो."

मला वाटलं, जिंकलो. मी कापूस घेतला. अप्पांनी कुंकवावर आपला तळवा ठेवला.

"हे पुसायचं न्हाई."

मी हळू आवाजात म्हणालो, "अप्पा, नंबर त्याच्याखाली आहे."

"मला ठाव हाय खाली काय हाय आन् वर काय हाय."

अध्यक्षांनी नीट समजावलं, की नंबर जुळला नाही तर तक्रार फेटाळावी लागेल. अप्पा म्हणाले, "फेटाळा साहेब. तुमच्यावर राग न्हाई."

स्टँडवर आम्ही बाकावर बसलो. यंत्र मधे. मी चिडलो होतो. म्हणालो, "वर्षभर सगळ्यांशी भांडलात, आणि हातात आलेलं सोडून दिलंत."

अप्पांनी उपरणं काढून यंत्राच्या त्या बाजूवर टाकलं. मग म्हणाले,

"तुझी अक्का गेल्यावर पाव्हण्यांनी घर धुऊन काढलं. उंबऱ्यावरचं, तराजूवरचं, देवळीतलं, तिनं लावलेलं समदं गेलं. त्येंची चूक न्हाई, त्येंनी चांगलंच केलं. हे तेवढं राहिलं. बोटाच्या रेघा दिसत्यात बघ त्यात."

उदगीरची गाडी लागली. त्यांनी यंत्र स्वतःच उचललं, मला हात लावू दिला नाही.

नांदेडला परतल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं. फोनवरचं बोलणं अप्पा बोलण्यात धरत नाहीत.

*तीर्थरूप अप्पांना,*

*सा. न. वि. वि.*

*तक्रार फेटाळली गेली याचं मला आता वाईट वाटत नाही. राग मात्र गेलेला नाही. कंपनीला मी माझ्या नावानं लिहिलं आहे, की कागदाच्या मागचा मजकूर पुढच्या बाजूला, मराठीत, 'निश्चिंत राहा' एवढ्याच ठळक अक्षरात छापा. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहीन. हे भांडण आता माझ्याकडे राहू द्या. तुम्ही माझ्यासाठी पुष्कळ भांडलात.*

*पिण्याचं पाणी उकळून घ्या. कंटाळा करू नका.*

*यंत्र ओट्याजवळ असेल तर माजघरात हलवा. ओट्यापाशी भाताची वाफ लागते आणि तेलातलं कुंकू ओघळतं. वर प्लास्टिक घालू नका, आत घाम धरतो. सुती कापड घाला, पण त्या बाजूला टेकू देऊ नका. आणि धुणंभांड्याच्या बाईंना आजच सांगून ठेवा. त्या चांगल्या मनानं पुसून टाकतील.*

*आपला,*
*दत्ता*