घोरपडीच्या हातात दोन राजे

एका जंगलात पत्ते खेळायला बंदी होती, म्हणून तिथं सगळेच पत्ते खेळत.

हे कळल्यावर सिंहमहाराजांना प्रजेची फार दया आली. एका चालीत कुणाचं घर जाऊ नये, म्हणून त्यांनी बंदी उठवली आणि नियम केला. पैज राहत्या जागेचीच लावायची, पण मापून. पहिल्या दोन फेऱ्यांत एका वेळी एक वीत, पुढच्या दोन फेऱ्यांत दोन वीत. त्याहून जास्त वाढवायचं नाही. त्यामुळे मुलांनो, त्या जंगलात एकदम कुणीच बेघर झालं नाही. जे झाले ते वीतवीत करून झाले.

खेळ सोपा होता. प्रत्येकाला दोन पानं, पालथी. मग मधे पाच पानं उघडायची, ती सगळ्यांची. आधी तीन, मग एक, मग आणखी एक. पानं वाटल्यावर एकदा आणि पुढं दर वेळी चाल, म्हणजे पैज. आपली दोन आणि मधली पाच मिळून एकसारख्या पानांचा ज्याचा मेळ भारी, त्याची सगळी जागा; जोडीहून तीन भारी. नको वाटलं तर पानं टाकून उठावं, तोवर लावलेली जागा तेवढी गेली म्हणावी. हा शेवटचा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. वापरत फारसं कुणी नसे.

चिमाबाई घोरपडीचं वारूळ सोळा वीत होतं. असं पक्कं वारूळ आसपास दुसरं नव्हतं. आठवड्याभरात बाईंना अंडी घालायची होती. मग त्या खेळायला का बसल्या? कारण त्यांना अठरा वीत हवं होतं. "लेकरांना जरा ऐसपैस नको का?" असं त्या म्हणत. लेकरांसाठी म्हटलं की काहीही करता येतं, हे तुम्हांला मोठेपणी कळेल.

समोर केरोबा कासव आणि ताराऊ सायाळ बसले होते. वर झाडांवर माकडं होती. माकडं स्वतः खेळत नसत, त्यामुळे खेळातलं त्यांना सगळं कळत असे.

चिमाबाईंनी पानं उचलली. दोन राजे! त्यांच्या शेपटीचं टोक थरथरलं. त्यांनी चाल वाढवली, केरोबांनीही वाढवली. पहिल्याच फेरीत तिघांचीही तीन तीन वीत जागा गेली.

मधली तीन पानं उघडली. एक्का, नव्वी, चौकी.

केरोबांनी लगेच चाल केली. आता केरोबा आठ दिवस त्याच जागी बसून पानं टाकत होते. ते चाल करतात म्हणजे काहीतरी आहे, हे दगडालाही कळलं असतं. ताराऊनं एक्क्याकडे पाहिलं, केरोबांकडे पाहिलं आणि आपली पानं उलटी करून ठेवली. दोन राण्या होत्या.

"माझं झालं बाई. पोरं एकटी आहेत घरी."

"राण्यांची जोडी टाकली!" माकडं किंचाळली. "हिला देवानं काटे कशाला दिलेत?"

"चिमाबाई, एक्का पडलाय हो," ताराऊ जाता जाता म्हणाली.

"मग मी काय दुर्री-तिर्रीवर बसलेय?" चिमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी चाल वाढवली. केरोबांनी पुन्हा वाढवली, आणखी तीन वीत जागा गेली.

घोरपडींच्या घराण्यात लहानपणापासून एकच गोष्ट शिकवतात. धरलं की सोडायचं नाही. कड्याला चिकटलेली घोरपड ओढून निघत नाही, याचा त्यांना कोण अभिमान! कडा काही समोरून चाल वाढवत नाही, हे मात्र कुणी शिकवत नाही.

चौथं पान सत्तीचं आलं. त्यानं कुणाचंच भलं झालं नाही.

"एवढं लावलंय, आता दोन वीत जागेनं काय होतंय!" माकडं म्हणाली.

चिमाबाईंना ते पटलं. केरोबांनी चाल केली, बाईंनी वाढवली, केरोबांनी पुन्हा वाढवली. दोन दोन करत सहा वीत जागा गेली. पाचवं पान उघडलं, ती दुर्री. वारूळ चारच वीत उरलं होतं.

केरोबांनी दोन वीत जागा लावली. मग त्यांनी मान होती तेवढी बाहेर काढली.

"चिमाबाई, टाका पानं. चार वीत जागेत अंडी मावतात. मी वडीलकीच्या नात्यानं सांगतोय."

चिमाबाईंची नखं पानांवरून क्षणभर सुटली. मला तिथं वाटलं होतं, मुलांनो, की ही बाई आता उठते. पण बाईंनी विचार केला. समोरचा इतकं कळवळून सांगतोय, म्हणजे ह्याच्याकडे काहीच नाही!

"पकड! पकड!" वरून ओरडा झाला. चिमाबाईंनी उरलेलं चार वीत वारूळही लावलं.

केरोबांनी सावकाश पानं उलटली. दोन एक्के. मधला धरून तीन.

"म्हणून तर सांगत होतो," ते म्हणाले.

वारूळ केरोबांना नको होतं. त्यांनी ते नागोबाला दिलं. आयत्या बिळावर नागोबा असं लोक म्हणतात, पण त्यानं भाडं ठरवून घेतलं होतं.

माकडांनी चिमाबाईंचा सत्कार ठेवला. शाल दिली, नारळ दिला. "शेवटपर्यंत जोडी सोडली नाही. फक्त नशिबानं दगा दिला!" असं भाषण झालं.

"दोन राजे होते हो," चिमाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "कुणी टाकले असते का?"

"कुणीच नाही!" सगळं जंगल म्हणालं.

ताराऊला बोलावणं नव्हतं. भित्र्यांना कोण बोलावतो? ती आपल्या तीन वीत आखूड झालेल्या बिळात पोरांना कुशीत घेऊन झोपली होती. मला चिमाबाईंचा राग येतो, आणि त्यांची कीवही येते. त्याच सकाळी त्यांनी ओढ्याकाठच्या उघड्या वाळूत अकरा अंडी घातली होती.

सत्काराला बोलावलेले झाडून सगळे आले होते. फक्त मुंगूस तेवढा आला नव्हता.

तात्पर्य: जोडी भारी असेल तर पानं कधीही टाकू नयेत. टाकून घर वाचलं, तर ते जाणार होतं हे जन्मभर कुणाला पटवता येत नाही. घर गेलं, तर निदान शाल तरी मिळते.