नऊ वाजून नऊ मिनिटांची यॉट

बुन्सोंगने आधी टोपी घेतली, मग यॉट ठरवली. पांढरीशुभ्र कप्तानी टोपी, पुढे सोनेरी नांगर. आरशात स्वतःला पाहिलं आणि त्याला वाटलं, आता हिच्याखाली एखादी बोट पाहिजेच. (माणसं शर्टाला शोभतील अशी बटणं शोधतात. यानं टोपीला शोभेल अशी यॉट शोधली.)

खरं दुखणं मात्र वेगळंच होतं. त्याच्या सासूबाईंना, लमाईबाईंना, दोन जावई. थोरला एक्कचाय, बँकेतला. त्याला त्या म्हणत 'जावईबापू'. धाकटा आपला बुन्सोंग, टपाल कचेरीतला, त्रांगहून फुकेतला आलेला. त्याला त्या म्हणत 'तो त्रांगचा'. लग्नाला बारा वर्षं झाली, दोन मुलं झाली, तरी 'त्या त्रांगच्याला म्हणावं, जेवून घे.' त्यात गेल्या वर्षी एक्कचायने त्यांना विमानाने जपानला नेऊन बर्फ दाखवला. तेव्हापासून बुन्सोंगला घास गोड लागेना.

आणि बाई तरी कशी! चालोंगच्या किनाऱ्यावर शेवया-रश्श्याचा गाडा चालवून तिनं दोन मुली शिकवल्या, वाढवल्या. समोरून परदेशी लोकांच्या यॉट जायच्या आणि ही रश्श्यात पळी फिरवत म्हणायची, "एकदा तिथं पाय पसरून बसायचंय मला." बुन्सोंगने हे बरोबर हेरलं. सत्तराव्या वाढदिवसाला अख्खी यॉट, फक्त घरच्यांसाठी, माईतोन बेटापर्यंत आणि परत! यापुढे 'जावईबापू' म्हणणार नाहीत तर जातील कुठे?

"अहो, आईला झोपाळ्यावरसुद्धा गरगरतं," त्याची बायको रच्चनी म्हणाली.

"झोपाळा वेगळा, यॉट वेगळी."

"हो ना. झोपाळ्यावरून उतरता तरी येतं."

पण बुन्सोंग ऐकतोय कुठला! सासूबाई मुहूर्त पाहिल्याशिवाय घरात फ्रीजसुद्धा घेत नाहीत, म्हणून तो ज्योतिषाकडे गेला. ज्योतिषाने सांगितलं, नऊ वाजून नऊ मिनिटं. नवासारखा शुभ आकडा नाही. त्याने सगळे ग्रह पाहिले, चंद्रही पाहिला. तो चंद्र समुद्राच्या पाण्याचं काय करतो, एवढं मात्र दोघांनीही पाहिलं नाही.

वाढदिवसाच्या सकाळी भरतीचं पाणी अगदी वाळूला लागलं होतं. सासूबाई लहान होडीत बसणार नाहीत, म्हणून यॉट थेट किनाऱ्याशी आणवली होती. दोन बुडांची, पांढरी, राजहंसासारखी! पुढच्या टोकाला रंगीत फडकी आणि झेंडूची माळ. सासूबाई रेशमी वस्त्र नेसून चढल्या. पाठोपाठ चिकट भाताच्या टोपल्या, तळलेली कोंबडी आणि मँगोस्टीन फळांची करंडी चढली.

"साहेब, निघू या," कप्तान याकोप म्हणाला. "पाणी उतरतंय."

"नऊ-नऊला."

"नऊ-नऊला पाणी नसेल."

"समुद्रात पाणी नसेल? काय गंमत करता राव!"

नऊ वाजून नऊ मिनिटांनी बुन्सोंगने टोपी नीट केली आणि हात वर केला. इंजिन घरघरलं, मागे चिखलाचं कारंजं उडालं आणि यॉटने खालच्या गाळात दोन्ही बुडं टेकून आरामात बैठक मारली. तासाभरात चहूकडे पाण्याचा थेंब उरला नाही. खेकडे तेवढे फिरत होते. बुन्सोंगला वाटलं, या चिखलातच गडप व्हावं. खाली उतरून त्याने बोटीला धक्काही देऊन पाहिला (टपालाची मोटार अशीच चालू व्हायची), त्यात एक चप्पल कायमची गेली.

वर मात्र सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या.

"अगो बाई, ही जरासुद्धा हलत नाही!"

बातमी पसरली. बाजारातल्या बायका लुंग्या वर खोचून चिखल तुडवत आल्या. सासूबाई वरून एकेकीला कोंबडीची तंगडी देत होत्या. "ये गं पिम्पा, बघ माझी यॉट!" एवढं सुख त्या चेहऱ्यावर कुणी कधी पाहिलं नव्हतं. मग चिखल-बिखल न पाहता, रेशमी वस्त्र गुडघ्यापर्यंत घेऊन त्या स्वतःच खाली उतरल्या, चिखलातून शिंपल्या उकरल्या आणि यॉटच्या शेगडीवर अशा परतल्या की याकोपनेही बोटं चाटली.

दुपारी त्यांनी बँकेत अडकलेल्या एक्कचायला व्हिडिओ फोन लावला. "तुमच्या विमानात मला दोनदा ओकारी झाली. आणि याला बघा! मला ठाऊक होतं ना पाणी ओसरणार ते. म्हटलं, याला कसं कळत नाही? मग डोक्यात प्रकाश पडला. मला गरगरू नये म्हणून मुद्दाम भुईवर यॉट लावली! आणि समुद्रात गेले असते तर मला बघितलं असतं कुणी?" मग त्या वळल्या. "जावईबापू, तुम्ही अजून शिंपल्या खाल्ल्या नाहीत."

जावईबापू! बुन्सोंगच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खरं सांगावं असं क्षणभर वाटलं, पण त्याने तोंडात शिंपली घातली.

संध्याकाळी पाणी परतलं. सासूबाई वर गाढ झोपल्या होत्या. यॉट हळूच तरंगली.

"किनाऱ्याला लावू ना?" याकोपने विचारलं.

"किनाऱ्याला? अहो, माईतोन राहिलं की!"

"अहो, जिंकलात ना?" रच्चनी कुजबुजली. "आता गप्प बसा."

पण डोक्यावर टोपी होती. हात वर झाला. उपसागराचं तोंड ओलांडताच पहिली मोठी लाट बोटीखाली आली, मग दुसरी. सासूबाई ताडकन उठून बसल्या. चेहरा हिरवा.

"कोणी... कोणी हलवली ही?"

आणि त्यांनी तोंडावर हात धरला. बुन्सोंगने जवळ होतं ते पुढे केलं. सोनेरी नांगराची ती पांढरीशुभ्र टोपी काठोकाठ भरली.

बऱ्याच वेळाने सासूबाईंनी तोंड पुसलं आणि त्या लेकीला म्हणाल्या, "जावईबापूंना फोन लाव गं, एक्कचायना. त्यांची माफी मागते. आणि त्या त्रांगच्याला सांग, विमानात निदान पिशवी तरी देतात."